पायाखालचा खळगा: पाण्यावर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे क्लोजअप

मासेमार कोळी शिकारीला बसला की मागचे पाय काठावरच्या दगडावर किंवा पाण्यावर ओणवलेल्या पानावर असतात आणि पुढचे पाण्यावर पसरलेले. पाणी त्या पायांखाली दबतं, पण फुटत नाही. प्रत्येक पायाखाली एक छोटा, गुळगुळीत खळगा पडतो. कोळ्यांचे जे क्लोजअप आपण पाहतो त्यांतल्या बहुतेकांत डोळे लखलखीत असतात, जबड्यावरचा केस न् केस दिसतो, आणि हा खळगा मात्र कुठेच नसतो. मग कोळी भिंतीवरचा होता की पाण्यावरचा, काही कळायला मार्ग राहत नाही. मला तो खळगा हवा असतो. पुढे सांगितलेलं जवळजवळ सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

माझा कुडाळला फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि पाऊस लागेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. म्हणून माझा कोळ्यांचा हंगाम गणपती विसर्जनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत. कोकणात या कामाला हाच काळ सगळ्यात चांगला. आषाढ-श्रावणात व्हाळ, म्हणजे ओढे, दुथडी भरून वाहतात, पाणी लाल गढूळ असतं, कोळ्याला पाय टेकायला संथ पाणीच नसतं. भाद्रपद सरत आला की पाणी निवळतं, ओढ कमी होते, दगडांच्या आडोशाला शांत पाण्याचे कोपरे तयार होतात. पुढे गावोगाव व्हाळांवर कच्चे बंधारे घालतात. त्या बंधाऱ्यामागे पाणी थांबतं आणि काठचं गवत पाण्यावर वाकतं. अशी जागा सोडू नका. भाताची खाचरं, शेततळी, जांभ्याच्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंती, सड्यावरची (कातळाच्या माळावरची) डबकी ही सगळी या कोळ्यांची ठिकाणं. घाटावर राहणाऱ्यांना धरणाच्या फुगवट्याचा उथळ काठ किंवा पाटाची कड मिळेल. पाणी जिथे खळखळतं तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. तरंग ओळखून शिकार करणाऱ्याला आधी शांत पृष्ठभाग लागतो.

कोण कोण भेटतं

तीन मंडळी ओळखता आली तरी पुरे.

पहिला खरा मासेमार, पिसॉरिडी कुळातला. आपल्याकडे या कुळातली निलस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पाण्याकाठी दिसते. तिच्यातला निलस अल्बोसिंक्टस गडद तपकिरी असतो आणि कडेने फिकट पांढरा पट्टा असतो. मोठ्या मादीचं धड साधारण दोन सेंटीमीटर भरतं आणि पाय पसरले की ती त्याच्या कितीतरी पट मोठी दिसते. पाश्चात्त्य देशांतल्या फोटोंत जो डोलोमीडीस दिसतो तोही असाच मासेमार कोळी.

दुसरा लांडगा कोळी, लायकोसिडी कुळातला. भातखाचरात जो सगळ्यात जास्त भेटतो तो पार्डोसा स्यूडोॲन्युलाटा. हा पाण्यावरूनही धावतो, चिखलावरूनही आणि रोपांच्या बुंध्यावरूनही. लांब पल्ल्याने याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तो थांबेल तिथे आधीच जाऊन बसावं.

या दोघांत गोंधळ होतो. अंड्यांची पिशवी असलेली मादी दिसली की प्रश्न मिटतो: लांडगा कोळ्याची मादी पिशवी मागे, सूत निघतं त्या भागाला चिकटवून नेते, तर पिसॉरिडीची मादी ती जबड्यात धरून, पोटाखाली घेऊन फिरते. पिल्लं निघाल्यावर लांडगा कोळ्याची पिल्लं आईच्या पाठीवर चढतात. पिसॉरिडीची मादी गवताची पाती सुताने बांधून पिल्लांसाठी घर करते आणि बाहेर पहारा देते. पिशवी नसेल तर समोरून डोळे पाहा. लांडग्याचे खाली चार बारीक, वर दोन मोठे आणि त्यामागे डोक्यावर दोन. मासेमाराचे चार-चारच्या दोन ओळींत, आणि आकारात फार फरक नाही.

तिसरा टेट्राग्नाथा, लांब जबड्यांचा सडपातळ कोळी. तो शिकारीसाठी पाण्यावर उतरत नाही. पाण्याच्या वर आडवं जाळं विणतो आणि पाण्यातून निघणारी चिलटं त्यात अडकतात. त्याच्याकडे शेवटी येते.

शोधायचं कसं

दिवसा मासेमार कोळी दिसतात, पण रात्री सापडतात. डोक्याला लावायची टॉर्च कपाळावर न लावता हातात घेऊन डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला धरा. लांडगा कोळ्याच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. उजेड जिथून आला तिथेच तो परततो, म्हणून टॉर्च डोळ्याजवळ असली तरच ती हिरवट पांढरी ठिणगी दिसते. दवाचा थेंबही चमकतो, पण मान हलवली की थेंबाची चमक जाते-येते, कोळ्याची स्थिर राहते. मासेमाराचे डोळे इतके तेजाळत नाहीत. त्याच्यासाठी पाण्याची आणि काठाची जी रेघ असते तिच्यावरून टॉर्च अगदी हळू फिरवायची, पाण्याला जवळजवळ समांतर. पसरलेल्या पायांची सावली कोळ्याच्या आधी दिसते.

भातखाचरात जायचं असेल तर शेतमालकाला विचारून जा आणि बांधावरूनच चाला. पोटरीला आलेल्या भातात पाय घालणं हे शेतकऱ्याचं नुकसान आहे. आमच्या वाडीतले एक आजोबा मला बांधावर ओणवी पाहून नेहमी विचारतात, "काय गो बाय, काय हरवला तुझा?" मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर लांडगा कोळी दाखवला तेव्हा ते लगेच म्हणाले की हा तुडतुडे खातो, याला मारायचं नसतं. त्यांचं बरोबर आहे. भातातल्या तुडतुड्यांवर हा कोळी मोठा वचक ठेवतो. जिथे औषध फवारलं आहे तिथे तुम्हाला कोळीही मिळणार नाहीत, तेव्हा फवारणी कधी झाली हेही विचारून घ्या.

जवळ जाणं

इथे बहुतेकांचं अडतं. लेन्स चांगली असते, फ्लॅश चांगला असतो, आणि कोळी दोन पावलांवर असतानाच पाण्याखाली जातो.

या कोळ्यांच्या पायांवर अतिशय नाजूक केस असतात. हवेची झुळूक, पाण्याचा तरंग, जमिनीची थरथर त्यांना कळते. मासा किंवा किडा पाण्यावर कुठे हलला, हे तो मुख्यतः पायांनी ओळखतो. म्हणजे तुमचं पाऊल पाण्यात पडलं की तुम्ही दार ठोठावलंच. मी कोळी असलेल्या डबक्यात कधीही पाय घालत नाही. ट्रायपॉडचा पायही नाही. अगदीच पाण्यात उतरावं लागलं तर उजेड असतानाच उतरते, दगडावर बसते आणि पाणी पुन्हा आरशासारखं होईपर्यंत थांबते. तो परत येतो. आपली जागा तो सहसा सोडत नाही.

जमिनीवरून जाताना त्याच्या समोरून न जाता बाजूने जा आणि सूर्य किंवा चंद्र पाठीशी असेल तर सावली त्याच्यावर पडू देऊ नका. शेवटचा हातभर टप्पा मी पोटावर पडून पार करते. आधी कोपर, मग कॅमेरा, मग पुन्हा थांबणं. फ्लॅशचा पहिला झोत लांबून, फोटो बिघडला तरी चालेल अशा अंतरावरून देते. झोताने तो सहसा हलत नाही, हलतो तो हाताच्या झटक्याने.

एक गोष्ट कळकळीने सांगते. डास चावतात म्हणून हाताला मलम चोपडून पाण्यात हात घालू नका. तेलकट किंवा साबणासारखा पदार्थ पाण्यावर पसरला की पृष्ठताण कमी होतो, आणि त्या पृष्ठताणावरच या प्राण्याचं सगळं आयुष्य उभं आहे. छोट्या डबक्यात एवढंसं मलमही पुरतं. शिवाय डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम कॅमेऱ्याच्या प्लॅस्टिकला आणि रबरालाही खराब करतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला उपरणं, एवढ्यावर भागतं.

कॅमेरा आणि टेकू

माझ्याकडे १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आहे. तुमची ९० किंवा १०५ असेल तरी तेच. त्याहून लहान, ५०-६० मिलिमीटरची मॅक्रो घेऊन या कोळ्यांमागे लागू नका. तिचं तोंड कोळ्याच्या फार जवळ न्यावं लागतं. मॅक्रो लेन्स घ्यायची नसेल तर ५५-२५० सारख्या झूमवर चिमट्याने लावायचं रेनॉक्सचं भिंग उत्तम. त्यातही डीसीआर-२५० पेक्षा डीसीआर-१५० घ्या. पहिल्याची ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे भिंगापासून कोळी साधारण १२ सेंटीमीटरवर यायला हवा. दुसऱ्याची ४.८, म्हणजे साधारण २० सेंटीमीटर. मासेमार कोळी मोठा असतो आणि बुजरा असतो, त्यामुळे जास्त मोठं करण्यापेक्षा जास्त लांब राहणं फायद्याचं.

मोबाइलवाल्यांनी मॅक्रो मोड बंद ठेवावा. तो बहुतेक फोनांत रुंद लेन्स वापरतो आणि दोन-तीन सेंटीमीटरवर न्यायला लावतो. त्याऐवजी टेलीफोटो लेन्स निवडा, जमेल तितकं जवळ जा आणि नंतर फोटोच्या कडा कापा.

खळगे दिसायचे तर लेन्स पाण्याच्या पातळीजवळ हवी आणि तिथे ट्रायपॉड कामाचा नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापून पिशवी शिवा आणि ती रिकामीच न्या. तिथे गेल्यावर कोरडी वाळू किंवा बारीक खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तिच्यात घाला. धान्य भरू नका, भिजलं की फुगतं. चिखल असेल तर खाली जुनी पसरट परात ठेवा आणि तिच्यात ही पिशवी. परात चिखलावरून हळूच पुढे सरकवता येते, कॅमेरा कोरडा राहतो आणि फोकससाठी पुढे-मागे होणं सोपं जातं. फिरणारा पडदा असलेला कॅमेरा असेल तर मान वाचेल.

सेटिंग: मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, छिद्र (ॲपर्चर) फुल फ्रेमला एफ ११, लहान सेन्सरला एफ ८. यापेक्षा छिद्र बारीक करण्याचा मोह होतो, कारण फोकसची खोली फारच कमी असते. फुल फ्रेमवर एफ ११ ला एकास एक प्रमाणात, म्हणजे कोळी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, ती जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळते, एकास दोन प्रमाणात चार मिलिमीटरच्या आसपास. पण जवळ गेलं की छिद्र प्रत्यक्षात आकड्यापेक्षा बारीक होतं. एकास एकला एफ ११ चं काम एफ २२ सारखं होतं, आणि एफ १६ लावलंत तर एफ ३२ सारखं. मग सगळंच थोडं थोडं पुसट येतं. खोली वाढवण्याचा खरा उपाय म्हणजे एकास दोनवर थांबणं. मासेमार कोळी पाय पसरून बसला की तो फुल फ्रेमच्या चौकटीत एकास एकला मावतही नाही.

फोकस हाताने करा. प्रमाण ठरवून लेन्स तिथेच ठेवायची आणि आपण पुढे-मागे व्हायचं. पाण्याच्या पातळीवरून समोरचे डोळे आणि पुढच्या दोन पायांची टोकं एकाच वेळी धारदार येत नाहीत. अशा वेळी मी तिरक्या कोनाने, डोळे आणि एका बाजूचा पुढचा पाय एकाच प्रतलात येतील असं बसते. तो एक पाय आणि त्याखालचा खळगा स्वच्छ आला की बाकीचे पाय मऊ राहिले तरी फोटो उभा राहतो.

प्रकाश: पाणी काय परत पाठवतं

स्टुडिओत काचेच्या फ्रेमचे किंवा चांदीच्या भांड्यांचे फोटो काढणाऱ्याला हे माहीत असतं. चकचकीत वस्तूला स्वतःचा रंग नसतो, तिच्यासमोर जे असतं ते ती दाखवते. संथ पाणी तसंच. लेन्स पाण्यापासून दहा अंशांवर असेल तर सपाट पाणी पलीकडच्या दहा अंशांवरचं दृश्य तुम्हाला दाखवेल, म्हणजे समोरचा काठ. त्या काठावर दाट झाडी आणि सावली असेल तर पाणी काळपट हिरवं येईल. तिथे उन्हातला पिवळा गवताळ बांध असेल तर पाणी सोनेरी येईल. आकाश असेल तर पांढरं. म्हणून कोळी सापडला की मी आधी त्याच्याकडे पाहत नाही, त्याच्या मागे कोणता काठ आहे ते पाहते आणि त्यावरून बसायची बाजू ठरवते.

आता खळगा. तो वाटीच्या आतल्या बाजूसारखा वक्र असतो. त्याची पलीकडची भिंत तुमच्याकडे कललेली असते, त्यामुळे ती समोरचा काठ दाखवत नाही, त्याच्या बरंच वरचं आकाश दाखवते. काठ काळोखा आणि वर आकाश उजळ असेल तर प्रत्येक पायाखाली एक तेजस्वी चंद्रकोर दिसते. पूर्ण ढगाळ आकाश, समोर दाट झाडी, वेळ सूर्योदयानंतरची: या कामासाठी यापेक्षा चांगला उजेड मला माहीत नाही. फ्लॅशची गरजही लागत नाही. आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवा आणि पिशवीवर कॅमेरा घट्ट दाबून धरा.

रात्री हेच आकाश आपल्याला बनवावं लागतं. त्यासाठी डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, मोठा हवा. पातळ पांढऱ्या पॅकिंग फोमची किंवा ट्रेसिंग पेपरची साधारण ए-फोर कागदाएवढी चौकट करा, फ्लॅशच्या डोक्याला बांधा आणि ती कोळ्याच्या बरोबर वर, किंचित पलीकडे येईल अशी लेन्सच्या पुढे झुकवा. सपाट पाणी तेव्हाही लांबचा अंधारा काठच दाखवतं, आणि खळगे मात्र वरची पांढरी चौकट दाखवतात. डिफ्यूझर खाली, पलीकडच्या बाजूला जास्त सरकला तर सपाट पाण्यातच तो दिसायला लागतो आणि पाण्याच्या जागी पांढरा पत्रा येतो. अलीकडे, लेन्सच्या जवळ ओढला तर चंद्रकोरी गायब होतात आणि कोळ्याच्या पाठीवर चकाकी येते. योग्य जागा बोटभर इकडे-तिकडे असते. पडद्यावर पाहत ती शोधायची.

फ्लॅश पूर्ण ताकदीवर चालवू नका. १/१६ किंवा १/३२ वर त्याचा झोत अतिशय कमी वेळ टिकतो, त्यामुळे पाण्याची थरथर आणि तुमचा श्वास दोन्ही गोठतात. कोळी गडद असतो म्हणून फोटो अंधारा वाटतो आणि आपण प्रकाश वाढवतो, तिथेच कडेचा पांढरा पट्टा जळतो. उजेड त्या पट्ट्याच्या हिशोबाने ठेवा, गडद भाग नंतर उचलता येतो.

पोलराइझरबद्दल, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरबद्दल, नेहमी विचारलं जातं. पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांच्या कोनातून खाली पाहिलं तर तो पाण्यावरची चकाकी जवळजवळ पूर्ण काढतो. पाण्याच्या पातळीवर झोपल्यावर त्याचा उपयोग नसतो, उलट दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. शिवाय ज्या परावर्तनामुळे खळगा दिसतो तेच तो पुसतो. म्हणून तो मी फक्त वरून फोटो काढताना लावते.

आणि वरूनचा फोटो कमी समजू नका. मासेमार कोळी पाण्यावर सपाट पसरतो, त्यामुळे कॅमेरा पाण्याला समांतर धरला की डोळ्यांपासून पायांच्या टोकांपर्यंत सगळं एकाच प्रतलात येतं. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. यातला सर्वांत सुंदर प्रकार उन्हातला आहे. सकाळी दहा-अकराची वेळ, बोटभर खोल स्वच्छ पाणी, खाली फिकट वाळू किंवा सपाट कातळ. प्रत्येक खळगा प्रकाश बाजूला फेकणाऱ्या भिंगाचं काम करतो आणि तळावर काळी गोल टिकली पडते, तिच्याभोवती उजळ कडा. पाय बारीक, सावल्या टपोऱ्या. फोकस कोळ्यावर आणि छिद्र एफ ११ ठेवलं तर एकास तीन प्रमाणात सावल्याही ओळखू येतात. इथे पोलराइझर लावा. ढग आला तर थांबा, कारण ही सावली फक्त थेट उन्हातच पडते.

चालणं, बुडणं, शिकार

पाण्यावर चालताना हा कोळी मधल्या दोन जोड्यांच्या पायांनी वल्हवतो. अमेरिकेतल्या डोलोमीडीस ट्रायटनवर रॉबर्ट सूटर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसलं की पुढे जाण्याचा जोर मिळतो तो पायाला आणि त्याखालच्या खळग्याला मिळून पाण्याचा जो विरोध होतो त्यातून. म्हणजे खळगा हे त्याचं वल्हं आहे. हे समजलं की दाबायची वेळ कळते: दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीचे पाय मागे खेचले जात असताना खळगे सगळ्यात स्पष्ट असतात. वल्हवून झाल्यावर तो क्षणभर थांबतो, तेव्हा पाठोपाठ दोन फोटो घ्या.

घाबरला तर तो एखाद्या देठावरून उतरून पाण्याखाली जातो. अंगावरच्या केसांत हवेचा थर अडकतो आणि सगळा कोळी चांदीचा दिसतो. मासेमार कोळी असे अर्धा तासही खाली राहू शकतात. तो फोटो मिळाला तर घ्या, वरून, पोलराइझर लावून. पण त्यासाठी काडीने ढोसून त्याला खाली ढकलणं मला अजिबात मान्य नाही. लपण्याची ही त्याची शेवटची जागा आहे.

मासे पकडणारे कोळी ही दुर्मीळ गंमत आहे असं पूर्वी वाटायचं. मार्टिन निफेलर आणि ब्रॅडली प्युसी यांनी २०१४ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात हे घडतं असं दिसलं. पकडलेले मासे बहुतेक दोन ते सहा सेंटीमीटरचे होते. छायाचित्रकाराला त्यातली एक गोष्ट फार कामाची आहे. कोळी अन्न तोंडाबाहेर पचवतो, भक्ष्यावर पाचक रस सोडून ते शोषतो. पाण्यात हे रस वाहून जातील, म्हणून तो मासा, बेडूकमासा किंवा किडा ओढत कोरड्या दगडावर किंवा पानावर नेतो. शिकारीचा क्षण टिपायची धडपड सोडा, तो डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतो. त्याच्या बैठकीच्या वरचा कोरडा दगड हेरून ठेवा. एकदा खायला बसला की तो तासन् तास हलत नाही. अशा वेळी चार-पाच वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन जोडणंही शक्य होतं, एरवी हलत्या पाण्यावर ते जमत नाही.

आमिष म्हणून किडे किंवा माशांची पिल्लं पाण्यावर टाकू नयेत, आणि कोळी शांत राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकार तर कुणीच करू नये. जबड्यात अंड्यांची पिशवी असलेल्या मादीचा फोटो लांबूनच घ्या. फार त्रास झाला तर ती पिशवी टाकून पळते. पिल्लांच्या घराभोवतालचं गवत फोटोत आडवं येतं म्हणून वाकवू किंवा कापू नका.

टेट्राग्नाथा

संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी. पाण्यावरची आडवी जाळी तेव्हा ताजी असतात आणि कोळी मधोमध येतो. दिवसा तो गवताच्या पात्याला चिकटून, पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून सरळ रेघ होऊन पडलेला असतो. तोही फोटो छान येतो, पाती पाण्यासह घ्यायची तेवढी. जाळ्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून पलीकडून, जाळ्याच्या पातळीच्या थोडं खालून मारा, धागे उजळतात. श्वास जाळ्यावर सोडू नका, तो लगेच काठाकडे पळतो.

काठावर स्वतःची काळजी

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत विषारी साप आहेत: दगडांत फुरसं असतं, व्हाळावरच्या झुडपांत चापडा असतो, बांधांवर नाग आणि रात्री मण्यार. पोटावर झोपण्याआधी ती जागा काठीने चाचपा आणि टॉर्चने पाहा. पाणदिवड (पाण्यातला साप) दिसली तर तिला जाऊ द्या, ती विषारी नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरही खाचरात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका इथे खरा आहे. डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही व्हाळ चढतो. पाणी अचानक गढूळलं किंवा पालापाचोळा वाहून यायला लागला की सामान उचला आणि वर या. एकटं जाऊ नका, विहिरीच्या पायऱ्यांवर तर मुळीच नाही.

अभयारण्यात रात्री प्रवेश नसतो, तिथे दिवसा परवानगी घेऊन काम करा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडासारखी ठिकाणं आहेत. ते देवस्थान आहे आणि तिथल्या छोट्याशा माशामुळे २०२१ मध्ये ते जैवविविधता वारसास्थळ झालं. अशा पाण्यात हात घालायचा नाही, परात सरकवायची नाही. तिथे काठावरून पाहिलं तरी खूप.

घरी आल्यावर

पाण्यावर तरंगणारी धूळ फ्लॅशने पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकते. कोळ्याभोवतालचे ठिपके काढा, बाकीचे राहू द्या. ते पूर्ण पुसले की पाणी काचेचं वाटतं. पाण्याचा काळेपणा उजळवू नका, चंद्रकोर त्याच काळ्यावर उठून दिसते.

नाव लावताना जपून. कोळ्यांच्या अनेक जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाहीत, त्यामुळे फोटोवरून प्रजातीपर्यंत थांबलात तर ते प्रामाणिक काम आहे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना आपला सर्वांत देखणा फोटो एकटा टाकू नका. समोरून डोळ्यांचा, वरून पाठीचा, बाजूचा, आणि पिशवी असेल तर तिच्यासह एक, असे टाका. तारीख, वेळ, पाणी वाहतं होतं की साठलेलं, काठावर गवत होतं की कातळ, कोळी पाण्यावर होता की पानावर, हे लिहा. शेतात काढलेला फोटो असेल तर पिकाचं नाव आणि फवारणी झाली होती का तेही लिहा. भातातल्या कोळ्यांवर काम करणाऱ्यांना त्या दोन ओळींचा फोटोपेक्षा जास्त उपयोग होतो.